‘बिघडलाय तो, मग आम्ही सगळ्यांनी कशाला जायचं?’

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

आम्ही घरात चौघं. मी, माझे यजमान, सासूबाई आणि सोळा वर्षांचा मुलगा. पावणेतीन वर्षांपूर्वी अपघातात आमची मोठी मुलगी गेली. गाडी हे चालवत होते, मुलगा मागच्या सीटवर होता. त्या दोघांना फारसं लागलं नाही. तेव्हापासून घरात तिचा विषय निघत नाही. तिचे फोटो सासूबाईंनी कपाटात ठेवले, मीही काही म्हटलं नाही. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. आता मुलगा शाळा बुडवतो, दार लावून बसतो, रात्र-रात्र जागा असतो, वडिलांशी एक शब्द बोलत नाही. काही हवं असलं की ‘आई, बाबांना सांग’. यांचंही तसंच, ‘त्याला सांग’. मागच्या महिन्यात रागाच्या भरात तो म्हणाला, ‘तिच्याऐवजी मी गेलो असतो तर बरं झालं असतं.’ आम्ही त्याला समुपदेशकांकडे नेलं. पाच भेटींनंतर त्या म्हणतात, आता सगळ्या घरालाच बोलवायचंय. हे ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, ‘बिघडलाय तो, मग आम्ही सगळ्यांनी कशाला जायचं? घरातलं चव्हाट्यावर मांडायचं नाही.’ सासूबाई म्हणतात, जुनं उकरून काढू नका. आणि खरं सांगू? मला भीती वाटते, की तिथे सगळे मिळून माझंच कुठेतरी चुकलं असं ठरवतील. मला फक्त माझं घर पूर्वीसारखं हवंय.

ताई,

बाकी सगळं नंतर बोलू, आधी तुमच्या मुलाचं ते एक वाक्य. ‘तिच्याऐवजी मी गेलो असतो तर बरं झालं असतं.’ अपघातातून वाचलेल्यांच्या तोंडी हे वाक्य पुष्कळदा येतं आणि दर वेळी त्यामागे जीव द्यायचाच विचार असतो असं नाही. पण तुम्ही अंदाज बांधत बसू नका, त्याला विचारा. आजच, दोघंच असताना, सरळ शब्दांत. ‘जीव द्यावासा वाटतो का रे? कसं, कधी, असंही मनात येतं का?’ विचारल्यामुळे तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याचंच त्याला हायसं वाटू शकतं. तो ‘हो’ म्हणाला, किंवा कसं-कधी याचाही विचार करून झालाय असं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्या-औषधं आणि धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात घेऊन जा. ‘नाही’ म्हणाला तरी त्याचं हे बोलणं समुपदेशकांच्या कानावर घाला. पत्रावरून तुम्ही ते त्यांना सांगितलंय असं वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते: सगळ्या घराने एकत्र जायचं, म्हणजे फॅमिली थेरपी घ्यायची, ती कशाला?

तुमचं चार पानी पत्र मी परत परत वाचलं आणि दोन जागी अडखळले. चार पानांत तुम्ही लेकीचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. दुसऱ्या पानावर ‘आम्ही घरात पाच’ असं लिहून पाच खोडलेत आणि वर चार केलेत. ही पहिली जागा. दुसरी तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात, ‘हल्ली आम्ही दोघं नवरा-बायको बोलतो ते फक्त मुलाबद्दलच.’

हे वाक्य जरा पुन्हा वाचा. मुलाने शाळा बुडवली की तुम्ही दोघं एका खोलीत येता. आवाज चढवून का होईना, एकमेकांशी बोलता. उद्या तो शहाण्यासारखा वागायला लागला, वेळेवर शाळेत जायला लागला, तर त्या संध्याकाळी तुम्ही दोघं कशाबद्दल बोलाल? तो हे ठरवून करतोय असं मी अजिबात म्हणत नाही. पण मुलांना घरातलं वजन कळतं, आणि कुठे टेकू द्यायचा हेही न सांगता कळतं.

एक प्रसंग सांगते, ओळखीच्या खुणा पुसून. माझ्याकडे एक कुटुंब यायचं. धाकटं मूल आजारपणात गेलेलं. तक्रार होती बारा वर्षांच्या मोठ्या मुलीबद्दल: वेंधळी झालीय, सतत काहीतरी सांडते, पाडते, फोडते, मुद्दाम करते असं वाटतं. पहिल्या भेटीत ती आई आणि वडील यांच्या मधल्या खुर्चीत येऊन बसली. मी तिला विचारलं, ‘आईला रडू येणार आहे हे घरात सगळ्यात आधी कुणाला कळतं?’ ती लगेच म्हणाली, ‘मला. ती कपड्यांच्या घड्या करताना मध्येच थांबते.’ ‘मग तू काय करतेस?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पाणी सांडते.’

तिचे वडील माझ्याकडे बघत होते, ते वळून लेकीकडे बघायला लागले. पाणी सांडलं की आई उठायची, रागवायची, फरशी पुसायची आणि रडणं राहून जायचं. वर्षभर ती पोर हे काम करत होती. त्या दिवशी मी एवढंच केलं, तिला तिची खुर्ची उचलून थोडी बाजूला घ्यायला सांगितली आणि आई-वडिलांना शेजारी-शेजारी बसायला लावलं. खुर्च्या अशा हलवणं ही साल्व्हाडोर मिनुचिन या थेरपिस्टची शिकवण. घरात कोण कुणाच्या मध्ये अडकलंय हे शब्दांत सांगण्याआधी ते बसण्याच्या जागेवरून दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि माझा अनुभवही तसाच आहे.

तेव्हा ‘बिघडलाय तो’ याला माझं उत्तर असं, की दुखणं त्याच्या अंगावर उमटलंय, ते एकट्या त्याचं असेलच असं नाही. या शास्त्रात अशा माणसाला ‘ठरवलेला रुग्ण’ म्हणतात, म्हणजे घराने ज्याच्याकडे बोट दाखवलंय तो. मरे बोवेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ पासून अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत तर गंभीर आजारी रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला बोलावलं होतं. दोन माणसांतला ताण पेलेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढून त्रिकोण तयार होतो, ही त्यांची मांडणी. तुमच्या घरातला त्रिकोण तर कागदावर काढता येईल इतका स्पष्ट आहे. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला मुलगा, आणि ‘याला सांग, त्याला सांग’ करत मध्ये तुम्ही. या धावपळीत तुम्ही स्वतः रडलात कधी? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते. जुनं उकरू नये, असं त्या म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी नात गमावली आणि गाडी त्यांच्या लेकाच्या हातात होती. तिचं नाव निघालं तर लेक कोसळेल, ही त्यांची भीती. तुम्ही बोलत नाही, कारण यजमानांना ते दोष दिल्यासारखं वाटेल. यजमान बोलत नाहीत, कारण तुमच्या डोळ्यांत काय दिसेल याची त्यांना धास्ती असावी. आणि मुलगा त्या गाडीत होता, त्याने जे पाहिलं ते तुम्हाला ऐकवेल का, हा प्रश्न त्याच्या मनात नसेल असं मला वाटत नाही. म्हणजे तुमच्या घरातला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला तरी सांभाळतोय. तुमच्या घरातल्या या अबोल्याला मी निष्ठुरपणा म्हणणार नाही, तो मायेतूनच आलाय. फक्त त्याची किंमत आता सोळा वर्षांचा मुलगा मोजतोय.

यजमान सकाळी लवकर बाहेर पडतात, रात्री उशिरा येतात, ‘त्यांना काही वाटतच नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. इथे मी तुम्हाला थांबवेन. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाची एक मांडणी केली. जवळचं माणूस गेलं की आपण दोन बाजूंमध्ये हेलकावे खातो. कधी गेलेल्या माणसापाशी, आठवणींपाशी, रडण्यापाशी असतो. कधी कामापाशी, बिलांपाशी, उद्याच्या दिवसापाशी. दोन्ही गरजेचं. अडचण एकाच घरात होते, जेव्हा एक जण या बाजूला असतो आणि दुसरा त्या. मग रडणारीला वाटतं याला दुःखच नाही, आणि कामात बुडालेल्याला वाटतं ही मला यातून बाहेरच पडू देत नाही. फॅमिली थेरपीत सुरुवातीला पुष्कळ वेळ यातच जातो: तुझं दुःख माझ्यासारखं दिसत नाही म्हणून ते नाहीच असं नाही, हे एकमेकांसमोर उघड व्हायला.

तिथे काय चालतं, याची कल्पना नसली की भीती वाढते, म्हणून सांगते. तुम्हाला गोल करून बसवून ‘आता अपघाताबद्दल बोला’ असं कुणी म्हणणार नाही. बहुधा तासा-दीड तासाची भेट, दोन-तीन आठवड्यांचं अंतर. अंतर मुद्दाम ठेवतात, कारण खरा बदल घरी, दोन भेटींच्या मध्ये घडतो. पहिल्या भेटी सुरक्षिततेच्या: इथे कोण किती बोलेल, कुणाला थांबायचं असेल तर काय खूण करायची, घरी गेल्यावर इथल्या बोलण्यावरून कुणी कुणाला टोमणे मारायचे नाहीत. प्रश्न जरा वेगळ्या धाटणीचे असतात. ‘तुम्हाला काय वाटतं?’ याऐवजी ‘बाबा गप्प झाले की आई काय करते, आणि आजी?’ मिलानमधल्या थेरपिस्टांच्या एका गटाने १९८० मध्ये ही पद्धत नीट मांडली. प्रश्न फिरता असल्यामुळे आरोप कुणा एकावर येऊन बसत नाही, आणि एकमेकांबद्दल न ऐकलेलं कानावर पडतं. मी वर त्या मुलीला विचारलेला प्रश्न असाच होता.

मुलाचं मात्र दुहेरी आहे, हे विसरू नका. त्याने अपघात डोळ्यांनी पाहिलाय. रात्र-रात्र जागणं, चटकन भडकणं, बाहेर पडायला नको वाटणं, ही आघाताची लक्षणं असू शकतात, आणि घरातले सगळे एकमेकांशी बोलायला लागले म्हणून ती आपोआप जातीलच असं नाही. त्याच्या एकट्याच्या भेटी चालूच राहू द्या. आघातावरचे खास उपचार त्याला हवेत का, हेही समुपदेशकांना विचारा. आणि यजमानांनाही वेगळी मदत लागेल असं मला वाटतं. अपघातापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय ना? एकत्र भेटी या वैयक्तिक उपचारांना पर्याय नसतात, दोन्ही एकमेकांना धरून चालतात.

तुमची भीती, की माझंच चुकलं असं ठरवतील. ताई, ही भीती हवेतून आलेली नाही. १९४८ मध्ये एका नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मुलाच्या स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारा शब्द वापरात आणला आणि तो पुढे कित्येक वर्षं चालला. किती आयांनी तो ओझ्यासारखा वाहिला असेल! पुढच्या संशोधनापुढे ती कल्पना टिकली नाही. याच क्षेत्रात इव्हान बोसोर्मेनी-नाज यांच्यासारखे लोकही झाले. थेरपिस्टने कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं न म्हणता, आळीपाळीने प्रत्येकाची बाजू घ्यायची, असं त्यांनी शिकवलं. खोलीत हजर नसलेल्या माणसाचीसुद्धा. तुमच्या समुपदेशकांकडून हीच अपेक्षा ठेवा. तीन-चार भेटींनंतरही दर वेळी तुम्हीच, किंवा कुणी एकच जण, पिंजऱ्यात उभा राहतोय असं वाटलं तर तिथेच बोलून दाखवा. चांगला थेरपिस्ट ते ऐकून आपली दिशा बदलेल. नाही बदलली तर तुम्ही थेरपिस्ट बदला.

आता यजमानांचं. त्यांना ‘तुम्ही यायलाच हवं, तुमच्यामुळे तो असा झालाय’ असं चुकूनही म्हणू नका. ते आधीच स्वतःला रोज शिक्षा करतायत असा माझा कयास आहे. असं म्हणून बघा: ‘मला एकटीला हे झेपत नाहीये. तुम्ही त्याला जसे ओळखता तसं मी ओळखत नाही. एकदा या, फक्त एकदा, आणि तुम्हाला काय दिसतं ते त्यांना सांगा. नाही पटलं तर पुन्हा म्हणणार नाही.’ आणि हा शब्द पाळा. त्यांना गुन्हेगार म्हणून नको, मुलाला ओळखणारा बाप म्हणून बोलवायचंय. समुपदेशकांनी स्वतः फोन करून त्यांना बोलावलं तर अनेकदा जास्त उपयोग होतो, त्यांना तसं सुचवून बघा. चव्हाट्याची भीती असेल तर गुप्ततेचे नियम त्यांनी स्वतःच विचारून घ्यावेत: कुठली गोष्ट खोलीतच राहते, आणि जिवाला धोका असेल तेव्हा ती कुणाला सांगावी लागते. एकट्याने सांगितलेलं गुपित थेरपिस्ट इतरांपासून राखणार का, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या, नंतर त्यावरून फार मनस्ताप होतो.

ते आलेच नाहीत तर? तरी जा. तुम्ही आणि मुलगा, किंवा तुम्ही एकट्या. त्रिकोणातलं एक टोक हललं की बाकीची दोन जागच्या जागी राहू शकत नाहीत. सुरुवात घरातच होईल. मुलगा म्हणाला ‘बाबांना सांग’, तर म्हणा, ‘तू सांग, मी शेजारी बसते.’ यजमान म्हणाले ‘त्याला सांग’, तर तेच. सुरुवातीला परिस्थिती बिघडल्यासारखी वाटेल. दारं आपटली जातील, निरोप चिठ्ठीवर लिहून ठेवले जातील, ‘तुला काय झालंय हल्ली’ असं ऐकावं लागेल. जुनी घडी मोडली की घर ती परत घालायला बघतं. दोन आठवड्यांत सोडून देऊ नका.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. घरात मारहाण होत असेल, एखाद्याची दहशत असेल, लैंगिक अत्याचार झाला असेल, तर सगळ्यांनी एकत्र बसणं हा पहिला उपाय नाही. थेरपिस्टसमोर खरं बोललेल्याला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. तिथे आधी सुरक्षितता, वेगळी मदत, आणि ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला अत्याचार करणाऱ्याशेजारी बसायला कुणीही भाग पाडू नये, थेरपिस्टनेसुद्धा. तुमच्या पत्रात असं काही मला दिसलं नाही. पण मी वाचलं नाही असं काही असेल तर समुपदेशकांना एकटीने भेटून आधी ते सांगा.

राहिलं पूर्वीसारखं घर. ते मिळणार नाही, ताई. हे लिहिताना माझाही हात जड झालाय. थेरपीतून तुमची मुलगी परत येणार नाही आणि तो दिवस पुसला जाणार नाही. एखाद दिवशी तुमचा मुलगा वडिलांच्या समोर बसून तिची एखादी खोडी सांगेल आणि यजमान उठून निघून जाणार नाहीत, एवढं होऊ शकतं. मी असं घडताना पाहिलंय, म्हणून म्हणते.

पहिल्या भेटीत बहुतेक समुपदेशक तुमच्या घराचा एक नकाशा काढतील. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, नात्यांच्या रेषा. गेलेलं माणूस त्यातून वगळत नाहीत, त्याच्या आकृतीत फुली काढतात आणि जागा तशीच ठेवतात. त्यासाठी ते विचारतील, घरात कोण कोण, मुलं किती. तेव्हा पाच सांगा, मुलं दोन सांगा, आणि तिचं नाव तुम्ही स्वतः सांगा. मुलगा शेजारी असेल, त्याला ते ऐकू जाऊ दे.